सेंद्रिय सौरघट आणि खाजनातली मानस

जून लागून आठ दिवस झाले होते. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि पाच मिनिटांत गप्प झाला. बॅटरी जेमतेम दोन वर्षांची. नव्या बॅटरीचा खर्च कुठून काढायचा, याचा हिशेब मी अंधारातच मांडायला लागले. सकाळी आमचे नेहमीचे वायरमन आले, झाकण काढलं आणि बोट दाखवून म्हणाले, "बाय, बॅटरी बरी आसा. हो जोड पळय." टर्मिनलभोवती निळसर-हिरवट पूड साचून वायरीचा लग गिळून गेली होती. त्यांनी वायर सोडवली, गरम पाणी ओतून पूड धुतली, पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासला, नट आवळला आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. अर्ध्या तासात पंखा फिरायला लागला.

बॅटरीच्या पोटात वीज होती, तिला बाहेर पडायला वाट नव्हती. मी हायर सेकंडरीला रसायनशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं सेंद्रिय सौरघटांबद्दल हाती लागेल ते वाचत आले आहे. त्या घटांचीही मोठी दुखरी जागा हीच: प्रकाश शोषणारा पदार्थ आणि वीज गोळा करणारा इलेक्ट्रोड यांच्यामधला सांधा. हा सांधा दहा-वीस नॅनोमीटर जाडीचा, कधी कधी एकाच रेणूच्या उंचीचा असतो. माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

आधी 'सेंद्रिय' या शब्दाचा खुलासा करते, कारण वर्गात दरवर्षी कुणीतरी सेंद्रिय शेतीबद्दल विचारतंच. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या रेणूंपासून बनलेलं. घराच्या छपरावर दिसणारी निळी-काळी पॅनेलं सिलिकॉनची. सिलिकॉनचे स्फटिक हजार अंशांच्या वर तापवून, वितळवून घडवावे लागतात. सेंद्रिय सौरघटात प्रकाश शोषण्याचं काम रंगद्रव्यांसारखे कार्बनी रेणू किंवा प्लॅस्टिकच्या जातीतले पॉलिमर करतात. ते द्रावकात विरघळतात, म्हणजे त्यांची शाई करता येते आणि ती काचेवर किंवा पातळ फिल्मवर छापता येते. प्लॅस्टिक वीज वाहू शकतं, हे दाखवून देणारे हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या बऱ्याच आधी, १९८६ साली, कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग टँग यांनी दोन सेंद्रिय थर एकमेकांवर चढवून सुमारे १ टक्का कार्यक्षमतेचा सौरघट केला होता. आज प्रयोगशाळेतले सर्वांत चांगले सेंद्रिय घट २० टक्क्यांच्या घरात आहेत.

आत काय घडतं ते पाहू. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सहज मोकळा होतो. सेंद्रिय पदार्थात तसं होत नाही. इलेक्ट्रॉन उडी मारतो खरा, पण त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, जिला 'होल' म्हणतात, त्याला धरून ठेवते. ही बांधलेली जोडी साधारणपणे दहा-एक नॅनोमीटर भटकते आणि मग विझून जाते. तेवढ्या अंतरात तिला फोडणारा कुणी भेटायला हवा. म्हणून घटात दोन प्रकारचे पदार्थ एकत्र कालवतात, एक इलेक्ट्रॉन देणारा आणि एक घेणारा. १९९५ साली ही कालवण्याची युक्ती पॉलिमरमध्ये जमली आणि या विषयाला खरी गती आली. सरमिसळ इतकी बारीक असते की जोडी जिथे जन्मेल तिथून दोघांच्या सीमेपर्यंत पोचतेच. तिथे इलेक्ट्रॉन एका पदार्थात जातो, होल दुसऱ्यात राहतो, आणि दोघं आपापल्या वाटेने कडेला निघतात.

बातम्यांमध्ये येतं ते इथपर्यंतचं. नवा रेणू, नवं नाव, नवा विक्रम. २०१९ साली वाय-६ नावाचा इलेक्ट्रॉन घेणारा रेणू आला आणि कार्यक्षमता एकदम १५.७ टक्क्यांवर गेली, तेव्हा जिकडेतिकडे त्याचंच कौतुक झालं. ते योग्यच होतं. पण मला सांगायचं आहे ते पुढचं. मधल्या थरात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल कडेला पोचल्यावर त्यांचं काय होतं?

धातूला आवडनिवड नसते. ॲल्युमिनियम असो की चांदी, इलेक्ट्रॉन आला तरी तो घेतो आणि होल आला तरी घेतो. मधल्या सरमिसळीत दोन्ही पदार्थ दोन्ही कडांना टेकलेले असतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन चुकीच्या कडेला पोचतात आणि तिथे होलशी गाठ पडून विरून जातात. ज्या प्रकाशाने त्यांना वेगळं केलं होतं, त्याची मेहनत उष्णता होऊन वाया जाते.

इथे मला गोव्यातल्या दिवाडी-चोडण बेटांवरच्या खाजन शेतांतली मानस आठवते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. नदीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो आणि त्या बांधात लाकडी दारांची मानस बसवलेली असते. भरतीला नदीचं पाणी चढतं, बाहेरून दारावर रेटा देतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतल्या पाण्याची पातळी वर राहते, ते दार ढकलून उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी नदीत निघून जातं. राखण करायला माणूस नको, कळ दाबायला नको. पातळीतल्या फरकावरच दार चालतं. आतलं बाहेर जाऊ द्यायचं, बाहेरचं आत घ्यायचं नाही. मानशीच्या फळ्या कुजल्या आणि खारं पाणी आत शिरलं, तर खाऱ्या मातीला सरावलेलं कोरगुट भातसुद्धा तग धरत नाही.

सौरघटात इलेक्ट्रोडच्या आधी जो पातळ थर घालतात, त्याने हेच काम करायचं असतं. एका कडेच्या थराने फक्त इलेक्ट्रॉन सोडायचे आणि होल अडवायचे. दुसऱ्या कडेच्या थराने फक्त होल सोडायचे आणि इलेक्ट्रॉन परतवायचे. हे थरही पातळीवरच चालतात, फक्त ती पाण्याची नसून ऊर्जेची असते. झिंक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनला चालायला सोयीची पातळी आहे, पण होलसाठी असलेली पातळी इतकी दूर आहे की होलला तिथे पाऊल ठेवताच येत नाही.

आता निवड झाली, पण उंची जुळायला हवी. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट लागते तेव्हा रॅम्प टेकण्याची जागा बघा. रॅम्प धक्क्याशी बरोबर बसला की स्कूटर सुरळीत उतरतात. मध्ये वीतभर पायरी राहिली की पहिलाच स्कूटरवाला अडतो, मागे रांग लागते आणि वाट बघणारे हॉर्न वाजवायला लागतात. इलेक्ट्रोडची ऊर्जा-पातळी 'वर्क फंक्शन' या मापाने सांगतात: धातूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते, ते इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. फोनच्या स्क्रीनमध्ये असतो तो पारदर्शक वाहक, इंडियम टिन ऑक्साइड म्हणजे आयटीओ, साधारण ४.७ वर बसतो. इलेक्ट्रॉन गोळा करायचे तर हा आकडा खाली हवा, होल गोळा करायचे तर वर हवा. ४.७ दोघांच्याही मधोमध, म्हणजे दोघांच्याही गैरसोयीचा. पायरी राहते, रांग लागते, आणि रांगेत उभे असलेले इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना भेटून संपतात.

ही रांग मोजता येते. घटाची ताकद तीन आकड्यांच्या गुणाकाराने निघते: मोकळ्या टोकांचा व्होल्टेज, जास्तीत जास्त प्रवाह, आणि 'फिल फॅक्टर'. हा तिसरा आकडा म्हणजे पहिल्या दोघांच्या गुणाकारातलं किती खरोखर हाती लागतं, ते. समजा एका घटाचा व्होल्टेज ०.८५ आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला २६ मिलिअँपियर प्रवाह आहे. दोन्हींचा गुणाकार २२.१ मिलिवॉट. प्रमाणित सूर्यप्रकाश दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट धरतात. फिल फॅक्टर ०.७८ असेल तर हाती येतात १७.२ टक्के. तेच रेणू, तोच प्रकाश, पण सांधा बिघडून फिल फॅक्टर ०.५५ वर आला, तर १२.२ टक्के. पाच टक्के सांध्यात गेले. कडेला अडथळा फार मोठा असेल तर प्रवाह आणि व्होल्टेजचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. तो वाक दिसला की मधल्या रेणूंना दोष देण्याआधी कडा तपासतात.

सुरुवातीच्या काळातली रचना अशी होती: काचेवर आयटीओ, त्यावर पेडॉट-पीएसएस नावाचा गडद निळसर पॉलिमर, मग प्रकाश शोषणारा थर, आणि शेवटी ॲल्युमिनियम. पेडॉट-पीएसएस वर्क फंक्शन ५.१ च्या आसपास नेतो, म्हणून होलची पायरी जवळजवळ नाहीशी होते. खडबडीत आयटीओ त्याच्याखाली झाकला जातो, हा आणखी एक फायदा. दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनसाठी कॅल्शियम घालायचे, कारण त्याचं वर्क फंक्शन २.९ इतकं कमी. किंवा ॲल्युमिनियमच्या आधी लिथियम फ्लोराइडचा जेमतेम एक नॅनोमीटरचा थर द्यायचे. लिथियम फ्लोराइड तसं वीज न वाहणारं, जाड केलं की वाट बंद. पण एक नॅनोमीटरला ते जादू केल्यासारखं पायरी उतरवतं.

या रचनेने कितीतरी संशोधकांचे प्रबंध झाले, पण आमच्यासारख्या हवेत ती टिकणार कशी? पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी आहे, त्याच्या द्रावणाचा पीएच १ ते २ च्या दरम्यान, म्हणजे लिंबाच्या रसापेक्षाही आंबट. ते आम्ल हळूहळू आयटीओ कुरतडतं आणि त्यातला इंडियम वरच्या थरांत सरकतो. त्याहून वाईट म्हणजे हा पॉलिमर हवेतला ओलावा शोषून घेतो. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. आषाढात मिठाच्या बरणीचं काय होतं ते इथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. तसंच पाणी घटाच्या कडेने या थरात शिरतं, आडवं पसरतं आणि वरच्या धातूपर्यंत पोचतं. कॅल्शियम तर ओलावा आणि ऑक्सिजन दिसला की लगेच पांढरं पडतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची साय धरते. साय म्हणजे वीज न वाहणारा पडदा, म्हणजे पुन्हा माझ्या बॅटरीवरची ती पूड.

यावरचा पहिला मोठा उपाय रचना उलटी करण्याचा होता. आयटीओवर झिंक ऑक्साइड घालून तिथे इलेक्ट्रॉन गोळा करायचे, आणि वरच्या बाजूला मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि चांदी लावून होल. कॅल्शियम गेलं, आम्लधर्मी पॉलिमर गेला, आणि वर हवेला तोंड देणारी चांदी ॲल्युमिनियमपेक्षा धीराची. झिंक ऑक्साइड करायलाही अवघड नाही. झिंक ॲसिटेटचं द्रावण काचेवर ओतून काच गरगर फिरवायची, दीड-दोनशे अंशांवर भाजायची, झालं. सनस्क्रीनमध्ये आणि गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये असतं तेच झिंक ऑक्साइड.

सनस्क्रीनचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तिथेच त्याचा दोषही आहे. झिंक ऑक्साइड अतिनील किरण शोषतं. त्वचेवर ते बरं. घटात मात्र ते किरण शोषून त्याचा पृष्ठभाग रासायनिक क्रियांना चेतवतो, आणि त्याला चिकटून बसलेल्या नव्या रेणूंमधले कार्बन-कार्बन दुहेरी बंध तुटायला लागतात. ज्या रेणूंनी विक्रम केले, तेच या थराशेजारी झिजतात. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही असतात, त्यात इलेक्ट्रॉन अडकतात. म्हणून कुणी त्यावर आणखी एक अगदी पातळ सेंद्रिय थर देऊन त्या जागा भरतात, कुणी त्याऐवजी टिन ऑक्साइड वापरतात, कुणी काचेवर अतिनील किरण गाळणारी फिल्म लावतात. मला या सगळ्यांत टिन ऑक्साइडची वाट जास्त पटते. गाळणी लावली की थोडा प्रकाशही गमवावा लागतो, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

२०१२ साली जॉर्जिया टेकमधल्या बर्नार्ड किप्पेलन यांच्या गटाने एक फार सुंदर गोष्ट दाखवली. पीईआयई हा अमाइन गटांनी भरलेला स्वस्त पॉलिमर पाण्यात किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवून कुठल्याही वाहकावर दहा नॅनोमीटरपेक्षा पातळ चोपडला, की त्याचं वर्क फंक्शन जवळजवळ १ इलेक्ट्रॉन व्होल्टने उतरतं. सोन्याचं, चांदीचं, आयटीओचं, पेडॉटचंसुद्धा. अमाइनमधल्या नायट्रोजनचे जादा इलेक्ट्रॉन पृष्ठभागाकडे थोडे झुकतात, धन-ऋण असे बारीक बाण एकाच दिशेने उभे राहतात, आणि त्यांनी मिळून पायरीच खाली ओढली जाते. कॅल्शियमसारखा तापट धातू न वापरता कॅल्शियमचं काम होतं, तेही हवेत, निर्वात पेटीशिवाय. मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप आनंद झाला होता. फुलरीन, म्हणजे कार्बनचे चेंडूसारखे रेणू, वापरणाऱ्या घटांत तो छान चाललाही. पुढे नवे रेणू आले, आणि कळलं की तेच अमाइन त्यांच्या दुहेरी बंधांवर हल्ला करतं. मधला पदार्थ बदलला की सांधा पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो. या शास्त्राचं काम संपत नाही ते म्हणून.

गेल्या काही वर्षांत सगळ्यांत आशादायक वाटतात ते एकाच रेणूच्या उंचीचे थर. टू-पीएसीझेड हे त्यातलं एक नाव. या रेणूच्या एका टोकाला फॉस्फॉनिक आम्लाचा गट असतो, तो आयटीओच्या ऑक्साइडला घट्ट धरतो. दुसऱ्या टोकाला कार्बाझोल नावाची चपटी कडी असते, ती वर तोंड करून उभी राहते. भाताची लावणी झालेलं शेत डोळ्यांसमोर आणा: मुळं चिखलात, शेंडे वर, ओळीने. आयटीओवर असं एका नॅनोमीटरचं शेत लावलं की वर्क फंक्शन होलला हवं तितकं वर जातं. पेडॉटची ना आंबटपणाची कटकट, ना ओलावा ओढण्याची. थर इतका पातळ की प्रकाशही जवळजवळ अडत नाही. अशा थरांनी १८ टक्क्यांच्या पुढचे घट झाले आहेत.

लावणीत जिथे रोप धरत नाही तिथे मोकळा डाग दिसतो, तसं इथेही होतं. म्हणून काच धुणं हा या कामाचा निम्मा भाग आहे. आधी साबणाचं पाणी, मग शुद्ध पाणी, मग ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दर वेळी ध्वनिलहरींच्या टबात. शेवटी अतिनील दिवा आणि ओझोनखाली पंधरा-वीस मिनिटं. स्वच्छ झाली का हे पाहायची साधी खूण आहे. काचेवर पाण्याचा थेंब टाका. आधी तो अळवाच्या पानावरच्या थेंबाइतका गोल नसला, तरी फुगीर उभा असतो. ओझोननंतर तोच थेंब पडताक्षणी सपाट पसरतो आणि काच नुसती ओली दिसते. पृष्ठभागावरची तेलकट कार्बनी घाण गेली आणि ऑक्सिजनचे गट उघडे पडले, त्यांनाच आता रेणू धरतील. उलट्या रचनेत पेडॉट वर घालायचा झाला तर नेमकी हीच अडचण आडवी येते. खालचा सेंद्रिय थर तेलकट, पेडॉटचं द्रावण पाण्याचं. अळवाचंच पान. मग त्यात साबणासारखे पदार्थ घालून ते पसरायला लावावं लागतं.

प्रयोगशाळेतल्या या घटांचं क्षेत्रफळ बहुधा एका चौरस सेंटिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी असतं. फूटभर रुंदीची फिल्म छापायची म्हटली की गणित बदलतं. पाच नॅनोमीटरचा थर मीटरभर लांबीवर सारखा छापणं कुठल्याही यंत्राला कठीण. कुठे शून्य, कुठे पंधरा. म्हणून कारखान्यासाठी असे सांधे हवेत, जे थोडे जाड-पातळ झाले तरी काम करतील. प्रयोगशाळेच्या विक्रमाला अशा थराने टक्का-दोन टक्के कमी पडतात, आणि त्यामुळे त्यांच्यावर मोजकेच लोक काम करतात. मला वाटतं, खरा जोर इथे लागायला हवा. शिवाय आयटीओ स्वतःच ठिसूळ. वाकवलं की त्याला भेगा जातात, आणि लवचिक घटाचं सगळं अप्रूप तिथे संपतं. चांदीच्या अतिसूक्ष्म तारांची जाळी हा एक पर्याय आहे, पण जाळीचे उंचवटे झाकायला पुन्हा चांगला सांधाथर लागतोच.

कुणी विचारतं, आत्ता छपरावर काय लावू? सिलिकॉन लावा. वीस-बावीस टक्के आणि पंचवीस वर्षांची हमी, यात सेंद्रिय घट आज स्पर्धेत नाही. पण आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात, त्यांतून दुपारचं ऊन मऊ होऊन आत येतं. तशी अर्धपारदर्शक, रंग निवडता येईल अशी, वजनाने कागदासारखी फिल्म खिडकीत बसवून तिच्यातून वीज घेणं सिलिकॉनला जमणारं नाही. मंगळुरी कौलांच्या शंभर वर्षांच्या छपरावर जड पॅनेलं चढवायची हिंमत होत नाही, तिथे हलकी फिल्म चालेल. त्यासाठी मी या घटांची वाट बघते आहे.

वायरमनकाकांनी जाताना सांगितलं होतं, चवथीच्या आधी जोड पुन्हा एकदा घासून घ्या. बॅटरीला ते चालतं. दोन फिल्मांमध्ये बंद केलेला दहा नॅनोमीटरचा जोड एकदा सील केला की कुणालाच उघडून घासता येत नाही. म्हणून सौर पॅनेलांना आधीच एका कसोटीतून जावं लागतं: ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के दमटपणा, सलग १००० तास. म्हणजे एकेचाळीस दिवसांहून थोडं जास्त, आमच्या आषाढ-श्रावणापेक्षा कितीतरी कडक. सेंद्रिय घटाची नवी बातमी आली की मी टक्क्यांचा आकडा नंतर बघते. आधी शोधते की इलेक्ट्रोडला कोणता थर लावला होता, आणि या कसोटीच्या पेटीत तो किती तास राहिला.